मावशीच्या दाढा

दात तपासायला बोलावलेल्या डॉक्टरबाई तबेल्यात आल्या की आधी घोड्याच्या शेपटीकडे जात. नव्या गिऱ्हाइकाच्या भुवया वर चढत त्या इथेच. बाई घोड्याच्या मानेवर थोपटत, त्याची ख्यालीखुशाली विचारल्यासारखे काहीतरी पुटपुटत, आणि मग मागे पडलेली ताजी लीद मूठभर उचलून चाळणीत घालून नळाखाली धरत. पाणी आधी हिरवट होई, मग निवळे, आणि चाळणीत गवताचा चोथा तेवढा उरे. तो तळहातावर पसरून त्या उजेडात बघत. चोथा भुशासारखा बारीक असेल, तर दाढा आपले काम चोख करीत आहेत. काड्या बोटाच्या पेराएवढ्या लांब आणि दाणे सबंधच्या सबंध असतील, तर तोंडात काहीतरी बिनसले आहे. जबडा उघडून बघायचा तो त्यानंतर. ‘तोंड उघडायला घोडा कुरकुर करतो,’ त्या म्हणत, ‘मागून मात्र आपणहोऊन सगळं सांगून टाकतो.’

ही चाळणी मूळची स्वयंपाकघरातली. ती कायमची तबेल्याच्या पिशवीत गेली त्या दिवशी त्यांच्या नणंदेने घर डोक्यावर घेतले होते.

‘वहिनी, पिठाची चाळणी मी आठवडाभर शोधत्येय. आणि तू तिच्यातून लीद चाळतेस?’

‘उकळून देते ना, वन्सं. स्वच्छ होते.’

‘उकळ, नाहीतर होमात टाक. आता तिच्यातून चाळलेल्या पिठाचं काय करायचं ते तू आणि तुझा घोडा बघा!’

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि ती भावाच्या घरी राहायला आली. तिचा पलंग जिन्याखालच्या खोलीत आणि तिचा शब्द सगळ्या घरात. घोड्याला तिने कधी बोटही लावले नव्हते. पण घोड्याचे डोके धरून उभा राहणारा डॉक्टरबाईंचा मदतनीस एक लाथ खाऊन घरी बसला, तेव्हा ‘एक दिवस येते, पण दुसऱ्या दिवशी मला सांगायचं नाही’ असे बजावून ती गाडीत बसली ती बसलीच. तिला घोड्यांतले काहीही कळत नव्हते. तिला बोलता मात्र येत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सुनेला काय सुनावले, कोपऱ्यावरच्या शिंप्याने कोणाचे माप चुकवले, असे सारे ती घोड्याच्या कानाशी एका संथ, न तुटणाऱ्या सुरात सांगत राही. घोड्याचे कान हळूहळू सैल पडत, खालचा ओठ लोंबू लागे, आणि डॉक्टरबाईंचा हात कोपरापर्यंत जबड्यात गेला तरी त्याला सुनेचे पुढे काय झाले याचीच जास्त उत्सुकता असल्यासारखे दिसे.

‘तुमच्या जिभेला हाड नाही वन्सं, म्हणून माझी कानस चालते,’ डॉक्टरबाई म्हणत. ही चेष्टा होती, आणि पूर्णपणे खरीही.

कानस हे त्यांचे वडिलोपार्जित हत्यार म्हणायला हरकत नाही. वडील खुर्च्या-टेबले बनवीत; खाली कारखाना आणि वर दोन खोल्यांचे घर. शाळेतून आल्यावर मुलीने खुर्चीचे पाय घासून द्यायचे, हा घरचा रिवाज होता. कानस पुढे ढकलताना कापते आणि मागे ओढताना नुसती घासून बोथट होते, म्हणून परत येताना ती उचलायची असते, हे त्या गुणाकाराच्या आधी शिकल्या. पशुवैद्यकाच्या महाविद्यालयात घोड्यांच्या दातांना जंत आणि खूर यांच्या मध्ये कुठेतरी अर्ध्या तासाची जागा मिळाली होती. तेवढ्यात त्यांना कळले ते इतके: घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे चावताना वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहते. ती पुढे पात्यासारखी धारदार होते आणि गाल व जीभ कापते. ती कड घासून बोथट करायला हवी. वर्गातल्या बाकीच्यांनी हे परीक्षेपुरते लिहून घेतले. सुताराच्या मुलीचा उजवा हात मात्र बाकाखाली आपोआप पुढे-मागे हलू लागला.

तेव्हा त्या भागात घोड्याच्या दातांकडे कोणी बघत नसे. घोडा आजारी पडला की डॉक्टर, नाल निघाला की नालबंद. धडधाकट घोड्याकडे जाण्याचे कोणाला काही कारणच नव्हते. डॉक्टरबाईंनी नेमके तेच आपले क्षेत्र ठरवले. वर्षातून दोनदा त्या ठरलेल्या तबेल्यांची फेरी करीत. छातीचे ठोके, दोन्ही कुशींवर नळी लावून आतड्यांचा आवाज, धनुर्वाताची सुई, जंतांचे औषध, खुरांच्या भेगा आणि शेवटी दात. ‘काही झालेलं नसताना येणारी डॉक्टर’ अशी त्यांची थट्टा होई. पुढे पुढे लोकांच्या ध्यानात आले, की त्यांच्या फेरीतल्या घोड्यांना खरोखरच फारसे काही होत नाही. मग थट्टा ओसरली आणि तिच्या जागी एक विश्वास आला. इतका, की त्यांनी हात लावलेल्या तोंडाकडे पुन्हा बघण्याची कोणाला गरज वाटेनाशी झाली. या विश्वासानेच पुढे घात केला असता.

वर्षानुवर्षे कानस चालवून त्यांचा उजवा खांदा निकामी होत चालला होता. दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जाईना. भूगोल शिकवणारा नवरा म्हणाला, ‘अगं, डोंगरसुद्धा झिजतात, पण ते निदान तक्रार तरी करत नाहीत. तू रात्रभर कण्हतेस.’ शेवटी त्यांनी मोटरवर चालणारी कानस घेतली. लांब दांडा, टोकाला गरगर फिरणारी चकती. ती वापरताना घोड्याला थोडे गुंगीचे औषध द्यावे लागे, म्हणून वन्संना राग आला. ‘झोपलेल्याला मी काय सांगू? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.’ पण काम झरझर होऊ लागले, खांदा निवला, आणि मालक लोक टॉर्चच्या उजेडात दाढा बघून म्हणत, ‘वा बाई! संगमरवर केलात अगदी!’ डॉक्टरबाईंना हे ऐकायला आवडे. उत्तम घासलेल्या पृष्ठभागाचे कौतुक लहानपणापासून कानांत मुरलेले होते.

शरद ऋतूच्या अखेरीस घोडेस्वारीच्या शाळेतून फोन आला. शाळेचे धाकटे मालक बोलत होते.

‘बाई, मावशीसाठी या. या वेळी तपासणी नको. शेवटचंच करायचंय.’

मावशी ही शाळेतली सर्वांत जुनी तांबूस घोडी. पहिल्यांदा बसणाऱ्या प्रत्येक मुलाला तिच्याच पाठीवर बसवत. मूल जरा तिरके झाले की ती जागच्या जागी थांबे आणि ते सावरेपर्यंत पाय हलवीत नसे. धाकट्या मालकांच्या दोन्ही मुली तिच्याच पाठीवर शिकल्या. म्हणून ती सगळ्यांची मावशी.

सकाळी डॉक्टरबाई आणि वन्सं पोचल्या तेव्हा मोतद्दाराने तिला अंगणात आणून खरारा करून ठेवले होते. केस चकचकीत होते. त्यांच्याखाली फासळ्या मोजता येत होत्या. पायांशी अर्धवट चावून टाकलेल्या गवताचे ओलसर बोळे पडले होते. मोतद्दार त्यांच्याकडे न बघता खरारा साफ करीत होता. तो साफच होता.

‘भादव्यापासून उतरतीच लागली,’ धाकटे मालक म्हणाले. ‘रक्त तपासून झालं, जंतांचं औषध झालं. दातांकडे बघण्याचा तर प्रश्नच नाही. ते उन्हाळ्यात तुम्हीच केलेत. म्हणजे उरलं फक्त वय. थंडीत कुडकुडत झिजवण्यापेक्षा... मुलींना मी सांगून ठेवलंय.’

पिशवीत शेवटच्या सुईच्या औषधाची बाटली होती. डॉक्टरबाईंनी पिशवी उघडली आणि त्यांच्या हाताला आधी चाळणी लागली.

‘आज कशाला गं, वहिनी?’ वन्सं हळूच म्हणाल्या.

‘सवय,’ बाई म्हणाल्या.

नळाखाली पाणी निवळले. तळहातावर काड्या पसरल्या, गवत कापताना असाव्यात तेवढ्याच लांब. मध्ये ओटचे सबंध दाणे, न फुटलेले. बाईंनी हात झटकला, धुतला, आणि लोखंडी चौकट लावून मावशीचा जबडा उघडला. गुंगीचे औषध दिले नाही. वन्संनी डोके धरले आणि शिंप्याची हकीकत जिथे सोडली होती तिथून उचलली.

बाईंचे बोट पहिल्या दाढेवरून शेवटच्या दाढेपर्यंत गेले, कुठेही न अडखळता. धार नव्हती. जखम नव्हती. काहीच नव्हते. घोड्याच्या दाढेवर टणक कंगोरे असतात. जात्याच्या दगडाला पाथरवट टाकी लावतो तसे ते निसर्गानेच दिलेले असतात, आणि गवत दळले जाते ते त्यांच्यावर. मावशीच्या दाढांवर ते कंगोरे नव्हते. खालपासून वरपर्यंत वडिलांच्या कारखान्यातल्या तयार टेबलासारखा सपाट, सुंदर पृष्ठभाग. त्या सफाईत डॉक्टरबाईंना आपला हात ओळखू आला. साधी कानस असती, तर हा खांदा कधीच भरून आला असता आणि त्या थांबल्या असत्या. मोटर थकत नाही. कडा गेल्यावरही चकती फिरत राहिली होती, आणि त्या कौतुकाने बघत राहिल्या होत्या.

बोट अजून मावशीच्या गालात होते. अंगणात कोणालाही काही कळलेले नव्हते, आणि कळणारही नव्हते. घोडी म्हातारी होती, मालकाने मन घट्ट केले होते, बाटली भरलेली होती. वन्संचे बोलणे मध्येच थांबले होते. त्या थांबल्या की काहीतरी झाले आहे हे डॉक्टरबाईंना कळे; वन्संनाही वहिनीच्या चेहऱ्यावरून तेवढेच कळले असावे.

‘सुई देत नाही मी,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘दोष दातांचाच आहे.’

‘मग घासा ना पुन्हा.’

‘घासायचं काही शिल्लकच नाही. जास्त घासले गेलेत. तिला चावता येत नाहीये, म्हणून ती झडली.’

‘कोणी घासले जास्त?’

‘मी.’

धाकटे मालक चक्क हसले. समजूत घालताना हसतात तसे. ‘बाई, मी समजू शकतो. तुमचाही जीव आहे तिच्यावर. हात होत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्या कोणाला बोलावतो. पण त्यासाठी स्वतःला बोल लावून घेऊ नका.’

‘उगीच अंगावर घेताय,’ मोतद्दारही म्हणाला. ‘तुमच्या हातनं असं होणार नाही. म्हातारी झालीय ती, झालं.’

डॉक्टरबाईंच्या आयुष्यात असा प्रसंग पूर्वी आलेला नव्हता. आपण बरोबर आहोत हे लोकांना पटवण्यासाठी त्यांनी पुष्कळ भांडणे केली होती. आपण चुकलो आहोत यासाठी भांडावे लागेल असे त्यांना कधी वाटले नव्हते.

‘बाही वर करा,’ त्या धाकट्या मालकांना म्हणाल्या.

‘काय?’

‘बाही. आणि अंगठी काढा. तुमच्या हातानं बघा.’

‘अहो, चावली तर?’

‘चावायला दाढाच राहिल्या नाहीत, हेच तर सांगतेय!’ आणि मग आवाज जरा खाली आणून, ‘चौकट लावलेली आहे. नाही मिटत.’

वन्संनी मावशीचा कान कुरवाळला. ‘घाबरू नकोस हं,’ त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते स्पष्ट झाले नाही, पण मालकांनीच मान हलवली. त्यांचा हात आत गेला, चेहरा वाकडा झाला, मग स्थिर झाला. डॉक्टरबाई त्यांना तसेच पलीकडच्या खणात घेऊन गेल्या. तिथे एक वयस्क काळा घोडा होता. गुंगीचे औषध त्याच्या हृदयाला झेपत नसे म्हणून त्याला मोटर कधी लावलीच नव्हती. दरवर्षी साधी कानस. त्याच्या तोंडातून हात बाहेर काढताना मालकांची बोटे एकमेकांवर चोळली जात होती, पीठ जाडे आहे की बारीक हे बघतात तशी.

‘हे खरखरीत आहे,’ ते म्हणाले. ‘आणि ती... ती काच आहे.’

‘काचच. माझी.’

आता ते रागावले. रागावणे योग्यच होते, आणि डॉक्टरबाईंनी ते मधे न बोलता ऐकून घेतले. सरतेशेवटी ते म्हणाले, ‘बरं, मग उपाय काय?’

‘वाट बघायची. घोड्याची दाढ जन्मभर थोडी थोडी वर सरकत राहते, आणि वापरून वापरून कंगोरे पुन्हा निघतात. पण म्हातारपणी ती संपत येते. मावशीची किती उरलीय ते मला छातीठोक सांगता येणार नाही. तोवर गवताचा चुरा भिजवून, अगदी मऊ पेज करून घालायची. दिवसातून पुष्कळदा.’

‘आणि नाहीच निघाले कंगोरे तर?’

‘तर तुम्हाला फोन करावा लागणार नाही. मी होऊन येईन.’

थंडी संपेपर्यंत, असे ठरले. मोतद्दाराने खरारा खुंटीला लावला आणि मावशीला पुन्हा आत नेले.

डॉक्टरबाई एवढ्यावर थांबल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. त्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फेरीला निघाल्या. त्या हंगामात ज्या ज्या म्हाताऱ्या घोड्याच्या तोंडात चकती फिरली होती, त्या प्रत्येक तबेल्याच्या दारात उभ्या राहून त्यांनी तेच वाक्य म्हटले: ‘माझ्या हातून जास्त घासलं गेलं असेल, बघू द्या.’ बहुतेकांचे ठीक होते. दोघांना पेज सुरू करावी लागली. एका तबेल्याने ‘पुन्हा येऊ नका’ असे सांगितले, आणि त्या गेल्या नाहीत.

‘जगभर दवंडी पिटायलाच हवी का?’ नवऱ्याने जेवताना विचारले. त्याच्या बोलण्यात काळजी होती.

‘जगभर कुठे? ज्यांच्या तोंडात गेले त्यांच्यापुरतीच.’

‘तोंडं घोड्यांची आणि ऐकणार माणसं. अवघड आहे.’

‘म्हणूनच तोंडानं सांगतेय.’

मोटर त्यांनी टाकून दिली नाही. खांदा काही सुधारला नव्हता, आणि हत्यारावर राग काढणे त्यांच्या वडिलांनी कधी शिकवले नव्हते. त्यांनी एवढेच केले: प्रत्येक दाढेनंतर मोटर बंद करायची, बोट फिरवायचे, आणि ‘अजून थोडे’ असे मनात आले की दांडा बाहेर काढायचा. काम पुन्हा रेंगाळू लागले. घोडे निम्मे जागे राहू लागले, आणि वन्संना श्रोते परत मिळाले.

मावशीच्या पेजेचे काम वन्संनी कोणाला न विचारता आपल्याकडे घेतले. मोतद्दार दिवसभर घालीच. पण सकाळची बादली आपल्या हातची, असा त्यांचा हट्ट होता. पहिल्या बसने त्या जात, गुडघ्यांवर शाल घेऊन बसत, आणि बादली रिकामी होईपर्यंत घराघरातली खबर सांगत. ‘वहिनीची चूक आहे, मग घरातल्यांनीच निस्तरायची,’ असे त्या बाहेर सांगत. घरात मात्र ‘सांगितलं होतं मी, झोपलेल्याच्या तोंडात हात घालू नये’ असे ऐकवायला चुकत नसत. डॉक्टरबाई ते ऐकून घेत. ऐन थंडीत एकदा मावशीचे पोट दुखले आणि ती खाली बसली. तेव्हा दोघींनी तिला आळीपाळीने अंगणात फिरवले. त्या वेळी मात्र कोणीच कोणाला काही ऐकवले नाही.

थंडी ओसरली. ठरल्याप्रमाणे डॉक्टरबाई आल्या. बोट फिरवून त्यांना एके ठिकाणी, आणि मग दुसऱ्या ठिकाणी, नखाला अडेल न अडेल अशी एक रेघ लागली. त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्या म्हणाल्या, ‘कोरडं गवत आणा.’

मोतद्दाराने मूठभर आणले. मावशीने ते हुंगले, ओठांनी निवडले आणि चावू लागली. धाकटे मालक, मोतद्दार, वन्सं, सगळे तिच्या जबड्याकडे असे बघत होते, की एखादी दुसरी घोडी असती तर लाजली असती. जबडा फिरत राहिला. मग तोंडाच्या कोपऱ्यातून एक ओला बोळा खाली पडला.

मोतद्दाराने वाकून तो उचलला.

‘अगं, गिळ की!’ वन्सं ओरडल्या. ‘इतका हिवाळा काय मी तुला नुसत्या गप्पा मारायला आले?’

मावशीने दुसरा घास घेतला. तो बराच वेळ घोळला. मग मानेच्या खालच्या बाजूने एक उंचवटा सरकत खाली गेला, आणि सगळ्यांनी तो जाताना पाहिला. तिसरा घास गेला. चौथ्याचा पुन्हा बोळा झाला.

‘म्हणजे काय समजायचं?’ मालकांनी विचारले.

‘म्हणजे अर्धं,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना याहून गोड काहीतरी सांगता आले असते. ‘थोडं कोरडं खाईल. बाकीचं जन्मभर भिजवूनच द्यावं लागेल. दाढा पूर्वीसारख्या होणार नाहीत. ते मी परत देऊ शकत नाही. पण जगेल, आणि उपाशी जगणार नाही.’

मालकांनी मावशीच्या कपाळावर हात ठेवला. त्यांच्या मनात काय हिशेब चालला होता, ते चेहऱ्यावर दिसले नाही. ‘मुलींना कामाला लावतो,’ ते म्हणाले. ‘पेज ढवळायला काही अक्कल लागत नाही. राहू दे तिला.’ आणि जरा थांबून, ‘काळ्याची तपासणी राहिलीय, बाई. आलाच आहात तर बघून टाका. त्याच्या दाढांवरून बोट मीही फिरवून बघतो.’

‘बाही वर करा मग,’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

मोतद्दार तोवर, कोणी सांगायची वाट न बघता, उरलेले गवत भिजवायला घेऊन गेला होता.